उंबरठ्यावरचं प्रेम

हातातली कामं चालू राहू द्या. भाजी निवडत निवडत ऐकलंत तरी चालेल. आज मी तुम्हांला ब्रिटिश सिनेमाबद्दल सांगणार आहे, आणि त्यातही एकाच गोष्टीबद्दल. गोरी मुलगी आणि कृष्णवर्णीय मुलगा, किंवा कृष्णवर्णीय मुलगी आणि गोरा मुलगा, यांचं प्रेम तिथल्या पडद्यावर गेल्या सत्तर वर्षांत कसं दाखवलं गेलं, त्याबद्दल.

तुम्ही म्हणाल, हे आपल्यापासून किती लांबचं! पण या बहुतेक सिनेमांतला अवघड प्रसंग रस्त्यावर किंवा कोर्टात घडत नाही. तो घराच्या दारात घडतो. मुलीनं कुणाला तरी घरी आणलेलं असतं आणि आत आईवडील उभे असतात. त्याला 'आत ये' म्हणायचं की नाही? उंबरठा काय चीज आहे, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

आधी थोडा इतिहास सांगते. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा ब्रिटनला कामाला माणसं हवी होती. बस चालवायला, दवाखान्यात, कारखान्यांत. २२ जून १९४८ रोजी 'एम्पायर विंडरश' नावाचं जहाज लंडनजवळच्या टिलबरी बंदरात शेकडो माणसं घेऊन आलं. जमैका, त्रिनिदाद अशा कॅरिबियन बेटांवरची ही माणसं ब्रिटिश साम्राज्याचीच प्रजा होती. त्यांच्यामागून आणखी हजारो आली. त्यांना काम मिळालं, पण राहायला खोली मिळेना. घरमालकीण दार उघडायची, चेहरा बघायची आणि म्हणायची, खोली आत्ताच गेली हो.

गोऱ्या-काळ्यांनी लग्न करू नये असा कायदा ब्रिटनमध्ये नव्हता. अमेरिकेत मात्र काही राज्यांत तो १९६७ पर्यंत होता, आणि हॉलिवूडच्या नियमावलीत तर असं प्रेम पडद्यावर दाखवायलाच बराच काळ मनाई होती. ब्रिटनमध्ये असं काही लिहून ठेवलेलं नव्हतं. पण लिहिलेलं नसलं म्हणजे मोकळीक असते, असं थोडंच आहे?

आता पहिला सिनेमा. १९५१ सालचा 'पूल ऑफ लंडन'. दिग्दर्शक बेसिल डिअरडेन. जहाज बंदरात लागतं आणि खलाशांना दोन दिवसांची सुट्टी मिळते. त्यांतला एक जॉनी, जमैकाचा. त्याला पॅट भेटते. ती थिएटरात तिकिटं विकणारी गोरी मुलगी. दोघं लंडन बघत हिंडतात, गप्पा मारतात. बस, एवढंच. एक चुंबनसुद्धा नाही. आणि सुट्टी संपली की जॉनी परत जहाजावर. तरीही कृष्णवर्णीय पुरुष आणि गोरी मुलगी यांच्यातली ओढ इतक्या सरळपणे दाखवणारा हा पहिला ब्रिटिश सिनेमा, असं त्याचं नाव घेतलं जातं.

जॉनीचं काम करणारे नट होते अर्ल कॅमेरॉन. मूळचे बर्म्युडाचे. २०२० साली वयाच्या १०२व्या वर्षी ते गेले. त्यांचा जॉनी फार सभ्य आहे, शांत आहे, चांगला आहे. आणि माझा आक्षेप नेमका तिथेच आहे. त्या काळच्या सिनेमात कृष्णवर्णीय माणसाला प्रेम करायचं असेल, तर त्याला आधी संत व्हावं लागायचं. गोऱ्या मित्रानं गुन्हा केला तरी तो मित्र म्हणून खपून जातो. जॉनीचं मात्र पाऊल चुकून चालत नाही. आणि एवढा चांगला वागूनही शेवटी तो जातोच. खलाशी आहे ना! कथाकारांना खलाशी फार सोयीचा. प्रेम दाखवता येतं आणि लग्नाचा प्रश्न यायच्या आत भोंगा वाजतो.

मग आलं १९५८. ऑगस्टच्या अखेरीस लंडनच्या नॉटिंग हिल भागात दंगल उसळली. गोऱ्या तरुणांची टोळकी कृष्णवर्णीयांच्या घरांवर चालून गेली. दंगलीच्या सुरुवातीला ज्यांच्यावर हल्ला झाला, त्यांत एक स्वीडनची गोरी बाई होती. तिचा गुन्हा काय? नवरा जमैकाचा. बघा, कायदा आड आला नाही, पण गल्ली आडवी आली.

या दंगलीनंतर १९५९ मध्ये त्याच डिअरडेन यांनी 'सफायर' हा सिनेमा काढला. लंडनच्या हॅम्पस्टेड हीथवर एका तरुणीचं प्रेत सापडतं. ती संगीत शिकणारी विद्यार्थिनी, नाव सफायर. दिसायला गोरी. पोलीस तिच्या भावाला बोलावतात, आणि दारातून आत येतो तो सावळा डॉक्टर, पुन्हा अर्ल कॅमेरॉन. तेव्हा कळतं की सफायर मिश्र वंशाची होती आणि गोरी म्हणून वावरत होती. एका गोऱ्या मुलाशी तिचं लग्न ठरलं होतं आणि तिला दिवस गेले होते.

सिनेमाचा हेतू चांगला होता. घराघरातला द्वेष दाखवायचा होता, आणि तो दाखवलाही. त्या वर्षीच्या सर्वोत्तम ब्रिटिश चित्रपटाचा बाफ्टा पुरस्कारही त्याला मिळाला. पण बायकांच्या नजरेनं पाहिलं, की काही गोष्टी खुपतात. जिच्या नावावर सिनेमा आहे, ती पहिल्याच दृश्यात मेलेली. तिला बोलायला एक वाक्य नाही. तिची भूमिकाही गोऱ्याच नटीनं केलेली. आणि पोलिसांना काय सापडतं? तिच्या साध्या, सोज्ज्वळ स्कर्टच्या आत लालभडक पेटीकोट! जणू तो पेटीकोट म्हणजेच तिचं 'खरं रक्त'. एका क्लबच्या प्रसंगात तर असं सुचवलंय, की ढोल वाजला की अशा मुलींचे पाय आपोआप थिरकतात आणि त्या ओळखू येतात. म्हणजे वर्णद्वेष वाईट हे सांगणारा सिनेमाच आतून मानतो, की रंग कातडीवर नसला तरी स्वभावात असतोच.

खून कुणी केला तेही सांगून टाकते. ज्याच्याशी लग्न ठरलं होतं, त्याच्या बहिणीनं. दोन लहान मुलींची आई ती. आपल्या घरात, आपल्या लेकींच्या नात्यात हे रक्त येणार, हे तिला सोसवत नाही. चाकू येतो तो कुणा गुंडाकडून नाही, होणाऱ्या नणंदेकडून. हे दाखवायला मात्र त्या सिनेमानं धैर्य दाखवलं, असं मी म्हणेन.

आता १९६१ सालचे दोन सिनेमे. दोन्हींच्या शेवटी ५ नोव्हेंबरची रात्र आहे. त्या रात्री इंग्लंडमध्ये गल्लोगल्ली शेकोट्या पेटवतात आणि फटाके उडवतात.

पहिला 'फ्लेम इन द स्ट्रीट्स', दिग्दर्शक रॉय वॉर्ड बेकर. जॅको हा कामगार संघटनेचा पुढारी. कारखान्यात गोमेझ नावाच्या कृष्णवर्णीय कामगाराला बढती मिळावी म्हणून तो सभेत जीव तोडून बोलतो, माणूस माणूस सारखा म्हणतो, आणि सभा जिंकतो. त्याच रात्री त्याला कळतं, की आपली शिक्षिका असलेली मुलगी कॅथी, पीटर या कृष्णवर्णीय शिक्षकाशी लग्न करणार आहे. झालं! सभेतली भाषा घरात चालेनाशी होते.

पण खरी ठिणगी पडते ती आईच्या तोंडून. नेल तिचं नाव. ती मुलीला असं काही घाणेरडं बोलते, की ऐकवत नाही. त्याच भरात ती नवऱ्यालाही सुनावते. तू सगळ्या जगाचा कैवारी, पण इतक्या वर्षांत माझ्याकडे कधी पाहिलंस का? या घरात मी कुठे आहे? मैत्रिणींनो, हा प्रसंग बघताना तिचा राग येतो आणि तिची कीवही येते. तिच्या आयुष्यात एकच गोष्ट तिच्या हातची उरलीये, ती म्हणजे घराचं दार. म्हणून ती दार अडवून उभी राहते. ज्या बाईला स्वतःला घरात जागा नाही, ती दुसऱ्याला जागा देताना कचरते. तिच्या विषाला यानं माफी मिळत नाही, पण ते साठलं कुठून हे कळतं. शेवटी ती चौघं समोरासमोर उभी राहतात आणि सिनेमा तिथेच थांबतो. पुढे काय झालं असेल, ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

दुसरा 'अ टेस्ट ऑफ हनी'. हे मूळ नाटक शीला डिलेनी या सॅलफर्डच्या कामगार वस्तीतल्या मुलीचं. १९५८ मध्ये ते रंगमंचावर आलं, तेव्हा ती फक्त १९ वर्षांची होती. टोनी रिचर्डसन यांनी त्यावर सिनेमा केला. जो ही शाळा संपवत आलेली मुलगी, आई बेफिकीर. जोला जिमी भेटतो, जहाजावरचा कृष्णवर्णीय स्वयंपाकी. चार दिवसांचं प्रेम, आणि जिमी जहाजाबरोबर निघून जातो. हो, पुन्हा जहाज! पोटात बाळ असलेली जो मागे राहते. तिला सांभाळतो तो जेफ, तिचा समलिंगी मित्र. तिच्यासाठी घर लावतो, बाळाची तयारी करतो. मग आई परत येते, जेफला घालवते, आणि बाळ काळं असणार हे ऐकून हबकून जाते.

इथं वेगळं काय आहे? जो आणि जिमी यांच्या प्रेमात कुठला उपदेश नाही. ती दोघं थट्टा करतात, हसतात, चुंबन घेतात. जोला त्याच्या रंगाची लाज नाही की त्याचं कौतुकही नाही. एका १९ वर्षांच्या मुलीनं लिहिलं, म्हणून ते एवढं साधं उतरलं असावं असं मला वाटतं. तरी एक प्रश्न मनात राहतोच. जिमीचं काय? त्याला कळलं का, आपल्याला मूल होणार आहे? जहाज सुटलं की कथेनं त्याचा हात सोडला.

१९६७ चा 'टू सर, विथ लव्ह' तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. सिडनी पॉइटिए त्यात लंडनच्या ईस्ट एंडमधल्या वांड मुलांचे शिक्षक आहेत. हे पुस्तक गयानाच्या ई. आर. ब्रेथवेट यांनी स्वतःच्या अनुभवावरून लिहिलेलं, १९५९ सालचं. पुस्तकात शिक्षकाचं एका गोऱ्या सहकारी शिक्षिकेशी प्रेम आहे, आणि त्यापायी दोघांना काय काय सोसावं लागतं तेही आहे. सिनेमात त्या प्रेमाची नुसती चाहूल उरली. शिक्षक पुन्हा संत झाला. ब्रेथवेट यांना हा सिनेमा आवडला नव्हता, यात नवल ते काय!

हे सगळे सिनेमे ओळीनं आठवून बघा. जवळपास प्रत्येकात पुरुष कृष्णवर्णीय आणि बाई गोरी. मग कृष्णवर्णीय बाई कुठे होती? जहाजांतून त्याही आल्या होत्या. नर्स म्हणून रात्रपाळ्या करत होत्या, भाड्याच्या खोल्या झाडत होत्या, प्रेमातही पडत असतीलच. पण सिनेमाला गोऱ्या आईबापांची चिंता दाखवायची होती, त्यात तिचं काम नव्हतं. ती एकदा दिसली, सफायर म्हणून, आणि तीही मेलेली. कृष्णवर्णीय दिग्दर्शकाच्या हाती पूर्ण लांबीचा ब्रिटिश सिनेमा आला, तोच मुळी १९७६ मध्ये. होरेस ओव्हे यांचा 'प्रेशर'.

चित्र बदलायला नव्वदचं दशक उजाडलं. १९९३ मध्ये गुरिंदर चढ्ढा यांचा 'भाजी ऑन द बीच' आला. पटकथा मीरा स्याल यांची. बर्मिंगहॅमच्या भारतीय बायका एका दिवसाच्या सहलीला ब्लॅकपूलच्या समुद्रावर जातात. मावशा आहेत, नवऱ्याचा मार खाऊन घर सोडलेली सून आहे, आणि आहे हशिदा. डॉक्टरकीला प्रवेश मिळालेली, घराण्याची शान. तिला दिवस गेलेत, आणि मुलगा आहे ऑलिव्हर, कॅरिबियन घरातला. बातमी फुटते आणि बसमधल्या मावशांची तोंडं सुटतात.

इथं दार अडवणारे गोरे नाहीत. आपल्यासारख्या, आपल्याच भाषेच्या वळणानं बोलणाऱ्या बायका आहेत. ज्यांना स्वतःला इंग्लंडमध्ये रस्त्यावर शिव्या खाव्या लागतात, त्याच 'काळा जावई' म्हटल्यावर पदर सावरतात. 'गोरी, सुंदर वधू पाहिजे' अशा जाहिराती आपण पिढ्यान्‌पिढ्या वाचत आलो. तो चष्मा सामानातून तिकडेही गेला. चढ्ढाबाईंनी तो लपवला नाही, आणि त्या बायकांना खलनायिकाही केलं नाही. त्या हसवतात, लागेल असं बोलतात, आणि वेळ आली की सुनेच्या पाठीशीही उभ्या राहतात.

१९९६ चा 'सीक्रेट्स अँड लाइज', दिग्दर्शक माइक ली. हॉर्टेन्स ही डोळे तपासणारी, शिकलेली, शांत कृष्णवर्णीय तरुणी. ती दत्तक आहे. दत्तक आईच्या मृत्यूनंतर ती जन्मदात्रीचा शोध घेते, आणि ती निघते सिंथिया, कारखान्यात काम करणारी गोरी बाई. दोघी एका चहाच्या दुकानात शेजारी शेजारी बसतात. सिंथिया म्हणते, काहीतरी चूक झाली बाळा, हे शक्यच नाही. आणि मग बोलता बोलता तिला आठवतं. कॅमेरा हलत नाही, नुसता दोघींचे चेहरे बघत राहतो. आपल्या सगळ्या सिनेमांतला उंबरठ्याचा प्रसंग इथं उलटा होतो. मुलगी परकी नाही, पोटची आहे, आणि दार आईला स्वतःच्या मनात उघडायचं आहे. या सिनेमाला कान महोत्सवाचा पाम द'ओर मिळाला. हॉर्टेन्स झालेल्या मॅरियान जाँ-बातीस्त यांना ऑस्करचं नामांकन मिळालं. अभिनयासाठी ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय ब्रिटिश स्त्री.

शेवटी अम्मा असांते. लंडनमध्ये घानाच्या आईबापांपोटी जन्मलेली दिग्दर्शिका. तिनं २०१३ मध्ये 'बेल' केला. डायडो एलिझाबेथ बेल ही इतिहासातली खरी स्त्री, जन्म १७६१चा. आई गुलाम आफ्रिकन स्त्री, वडील ब्रिटिश आरमारी अधिकारी. ती वाढली लंडनच्या केनवुड हाउसमध्ये, सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्या घरी. घरची मुलगी, पण पाहुणे आले की त्यांच्या पंगतीत बसायचं नाही, जेवणं झाली की मग दिवाणखान्यात यायचं! तिचं आणि तिच्या गोऱ्या बहिणीचं एक जुनं चित्र आहे, दोघी शेजारी शेजारी. त्या काळच्या चित्रांत कृष्णवर्णीय माणूस कोपऱ्यात तबक घेऊन उभा असायचा. इथं डायडो सरळ आपल्याकडे बघून हसते. या चित्रातूनच सिनेमा उभा राहिला.

त्यातला एक छोटासा प्रसंग मला सगळ्यात आवडतो. डायडोला स्वतःचे कुरळे केस विंचरता येत नाहीत, कारण त्या घरात कुणालाच ते माहीत नाही. मेबल नावाची कृष्णवर्णीय मोलकरीण तिला दाखवते, की टोकांपासून सुरुवात करायची. अशी गोष्ट बाईच्या हातात कॅमेरा असल्याशिवाय सिनेमात येत नाही. खऱ्या डायडोनं १७९३ मध्ये जॉन डॅव्हिनिएशी लग्न केलं. सिनेमात तो कायदा शिकणारा ध्येयवादी तरुण आहे, प्रत्यक्षात तो कारभारी होता. प्रेमकथा गोड करायला एवढी सूट घेतलीये. पण इथं कुणी जहाजावर चढत नाही आणि कुणी मरत नाही. लग्न होतं.

२०१६ मध्ये तिनंच 'अ युनायटेड किंगडम' केला. हीसुद्धा खरी गोष्ट. आजच्या बोट्स्वानाचा राजपुत्र सेरेत्से खामा लंडनला शिकायला आला आणि रूथ विल्यम्स या कारकून मुलीच्या प्रेमात पडला. १९४८ मध्ये, म्हणजे विंडरश आली त्याच वर्षी, त्यांनी लग्न केलं. शेजारच्या दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांचं सरकार, त्याला हे खपेना. आणि ब्रिटनला त्या सरकारची मर्जी हवी होती. सेरेत्सेला त्याच्याच देशातून हद्दपार केलं. राजेपदावर पाणी सोडल्यावर, १९५६ मध्ये, दोघांना परत जाता आलं. १९६६ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि सेरेत्से पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. सिनेमात रूथ सासरी पोचते तेव्हा नणंद आणि चुलतसासू तिला विचारतात, तू आमच्या लोकांची आई होणार कशी? यावेळी माप ओलांडायचं आहे ते गोऱ्या सुनेला! आणि ती भाषण करून नाही, तिथं राहून, तिथल्या बायकांत मिसळून त्यांची होते.

म्हणजे आता सगळं छान झालं का? तसं नाही. तरी २०२३ मध्ये आलेला रेन अ‍ॅलन-मिलर यांचा 'राय लेन' जरूर बघा. दक्षिण लंडनच्या पेकम भागात दोन कृष्णवर्णीय तरुण, यास आणि डॉम, एक दिवसभर हिंडतात आणि प्रेमात पडतात. त्यात रंगाचा प्रश्न नाही, आईबापांची परवानगी नाही, संतपणाची सक्ती नाही. दोघं बावळटपणा करतात, खोटं बोलतात, आणि तरी आपल्याला आवडतात. वर गंमत म्हणजे प्रेमपटांतला प्रसिद्ध गोरा नायक कॉलिन फर्थ एका ठेल्यावर क्षणभर खायला विकताना दिसतो! जॉनीपासून इथवर यायला ७२ वर्षं लागली.

तेव्हा मैत्रिणींनो, यापुढे असा कुठलाही सिनेमा बघाल, तिकडचा किंवा इकडचा, तेव्हा नुसतं कोण चांगलं नि कोण वाईट हे बघू नका. ज्याच्यावर अन्याय होतोय, त्याला सिनेमात स्वतःचं घर आहे का, आई आहे का, चुकायची मुभा आहे का, ते बघा. आणि पाटी लागताना तो पडद्यावर आहे, की जहाजात बसवून त्याला वाटेला लावलंय, तेही बघा. माणसाला फक्त दुःख देऊन त्याची कणव करणं सोपं असतं. त्याला आपल्या शेजारी पाट मांडून बसवणं अवघड.

पाहिलेल्या सिनेमांबद्दल तुम्हांला काय वाटलं, ते पत्रानं किंवा केंद्रावर फोन करून नक्की कळवा. पुढच्या वेळी तुमच्याच पत्रांवर बोलू.